दोन्ही पात्यांचा मुजरा

गणपतराव सरनोबत यांच्या घराण्यात घोड्यावर बसलेला शेवटचा माणूस म्हणजे त्यांचे पणजोबा. ते धारच्या पागेत होते. त्यानंतर आडनाव राहिलं, घोडा गेला. खुद्द गणपतराव आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले, लग्नाच्या वरातीत. तेव्हा दोन माणसांनी त्यांना दोन बाजूंनी धरलं होतं, असं बकुळाबाई सांगतात. गणपतराव म्हणतात, एकच माणूस होता.

बाहत्तर साली ते धार सोडून देवासला आले. देवासला तेव्हा कारखाने उभे राहत होते आणि लेथ चालवणाऱ्याला कोणी जात-गाव विचारत नव्हतं, हात विचारत होतं. एका कारखान्यात लागले आणि एकतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले. कामाच्या बाबतीत माणूस कडक. 'होत आलंय' हा शब्द त्यांच्यापुढे चालत नसे. झालं किंवा नाही झालं. एकदा एका शाफ्टवर काप केसभर जास्त गेला. तपासणाऱ्याने चालेल म्हणून सोडला. गणपतरावांनी तो परत आणला, खडूने त्यावर स्वतःचं नाव घातलं आणि भंगाराच्या पेटीत टाकला. फोरमनने विचारलं, नाव कशाला? ते म्हणाले, ज्याचं आहे त्याचं नाव नको का?

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांत त्यांनी घरातले सगळे नळ, बिजागऱ्या आणि स्टोव्ह नीट केले. मग गल्लीतले केले. गल्लीत करकरणारं काही उरलं नाही, तेव्हा ते बकुळाबाईंच्या पोळ्यांकडे बघायला लागले. एके दिवशी त्यांनी कॅलिपर आणून पोळी दोन बाजूंनी मोजली. बकुळाबाईंनी त्या दिवशी मुलीला सांगितलं की यांना कशात तरी गुंतव, नाही तर मी माहेरी जाते. माहेर चार गल्ल्या सोडून होतं, पण धमकी ती धमकी.

मुलगी देवश्री. चोवीस वर्षांची, गावातल्या एका कंप्यूटर क्लासमध्ये शिकवायची. इंदूरहून सुटे भाग जोडून आणलेला एक कंप्यूटर तिने घरी ठेवला होता आणि रविवारी ती त्यावर एक खेळ खेळायची. जुन्या काळातलं एक राज्य, तटबंदी, घोडे, तलवारी. गणपतराव मागून जाताना थांबले. पडद्यावर एक माणूस लाकूड फोडत होता.

"हा कुऱ्हाड चुकीची धरतोय," ते म्हणाले.

"बाबा, तो तसाच बनवलाय."

"मग बनवणाऱ्याने कधी लाकूड फोडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची खुर्ची आणून ठेवली.

खेळात आपण एक भटका माणूस असतो, गाठोडं घेऊन एका गावाच्या वेशीशी आलेला. पुढे आपण जे करू ते लोक लक्षात ठेवतात. चोरी केली तर तीन गावं पलीकडची पाववालीसुद्धा खिडकी लावून घेते. मदत केली तर अनोळखी माणूस वाट देतो. देवश्री म्हणाली, यातच तर मजा आहे, प्रत्येक गोष्टीचा नतीजा निघतो. गणपतराव म्हणाले, यात मजा कसली, आपल्या गल्लीतही तेच आहे.

खेळ इंग्रजीत होता. देवश्री अर्थ सांगायची, तिच्या निम्म्या मराठी निम्म्या हिंदीत. ती नसली की कारखान्यात शिकलेल्या इंग्रजीवर भागे. नावं गणपतरावांच्या तोंडी बसेनात, म्हणून त्यांनी आपलीच ठेवली. पाववालीला ताई. वेशीबाहेरच्या लोहाराला संताजी.

गावाचा एक कायदा होता. नव्या माणसाला आत जायचं तर गावच्या कोणीतरी त्याच्यासाठी शब्द द्यायचा. आणि पुढे त्या नव्याने काही वाकडं केलं, तर भोगायचं शब्द देणाऱ्याने. गणपतरावांनी वेशीशी दिवसभर लाकडं फोडली. संताजी भट्टीशी उभा राहून बघत होता. संध्याकाळी म्हणाला, "कामाचा माणूस दिसतोस. तुझा शब्द मी देतो." हे वाक्य गणपतरावांनी जेवताना दोनदा सांगितलं. एकतीस वर्षांत इतकं थोडक्यात आणि इतकं चांगलं त्यांना कोणी बोललं नव्हतं.

गावात शिरल्यावर घोळ झाला. आत राजे दोन होते. सख्खे भाऊ, मधे एक रस्ता, अलीकडे थोरल्याचा वाटा, पलीकडे धाकट्याचा. कोणाशी इमान राखायचं त्याची शपथ घ्यायची होती. गणपतराव धारचे. धारला गादी एक. ते माउसवर हात ठेवून अडून बसले.

बकुळाबाई मात्र सात पिढ्यांच्या देवासच्या. देवासला संस्थानच दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एक, राजे दोन, मधून रस्ता. त्यांना यात अडण्यासारखं काही दिसेना.

"दोन्हीकडे जा. आमचे आजोबा दसऱ्याला आधी थोरल्या पातीत मुजरा करायचे, मग रस्ता ओलांडून धाकट्या पातीत. देवीच्या टेकडीवर आपण काय करतो? तिथेही दोघी बहिणी. मोठ्या मातेचं दर्शन घेतलं आणि छोटीला न भेटता उतरलो, तर तिला काय वाटेल?"

हे गणपतरावांना पटलं. एकाच्याच दारात जाणं म्हणजे दुसऱ्याचा अपमान. त्यांनी सकाळी थोरल्यापुढे गुडघा टेकला, दुपारी रस्ता ओलांडून धाकट्यापुढे टेकला आणि रीत नीट पाळल्याच्या समाधानात चहा मागितला.

खेळ बनवणारा देवासचा नव्हता. त्याच्या हिशेबी ही दुहेरी फितुरी होती. चहा येईपर्यंत वेशीकडून धूर दिसायला लागला. थोरल्याच्या शिपायांनी संताजीची भट्टी पेटवली होती. धाकट्याचे शिपाई उशिरा पोचले, त्यांना जाळायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते ऐरण घेऊन गेले. संताजी रस्त्याकडेला मांडीवर हातोडा घेऊन बसला होता.

"मी तुझा शब्द दिला होता," तो म्हणाला.

गणपतरावांनी पुन्हा त्याच्यावर माउस नेऊन दाबलं. तो तेच म्हणाला. त्यांनी चार वेळा दाबलं.

देवश्री घरी आली तेव्हा ते तसेच बसले होते. तिने सांगितलं, बाबा, एवढं काय त्यात, जुनं लोड करा नं. सकाळचं सेव्ह केलेलं आहे, ते उघडलं की परत सकाळ होते.

"म्हणजे संताजीला काही कळणारच नाही?"

"नाही."

"मला?"

"तुम्हाला तर कळेलच."

"मग कसं चालेल?"

देवश्रीने आईकडे बघितलं. बकुळाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या की तिचं ऐका, सल्ला माझा होता, पाप माझ्या माथी आहे, बिचाऱ्याची भट्टी परत येत असेल तर येऊ द्या. त्या दिवशी त्यांची आमटी खारट झाली. गणपतराव काही बोलले नाहीत, यावरून प्रकरण किती खोल गेलं ते देवश्रीला कळलं.

दोन घरं सोडून एक जुने सोबती राहत, सगळे त्यांना भाऊ म्हणत. गणपतरावांच्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. रोज चार वाजता चहाला येत. सारा किस्सा ऐकून ते इतके हसले की बशीतला चहा सांडला. म्हणाले, भिया, तो लोहार वायरच्या आत राहतो.

"राहतो ना?" गणपतराव म्हणाले.

भट्टी परत बांधायची सोय खेळात होती. खाणीतून दगड, रानातून लाकूड, नदीवरून चिकणमाती. गाढवावर लादून तीनशे खेपा. देवश्री म्हणाली, असं कोणी करत नाही, फार बोर होतं. शिवाय वेळ नव्हता. तिला धारच्या एका शाळेत कंप्यूटर शिकवायची नोकरी लागली होती. पंधरा जूनला ती निघणार होती आणि कंप्यूटर तिच्याबरोबर जाणार होता. तोवर भट्टी उभी राहिली तर राहिली. नाही तर संताजी रस्त्यावर आणि रस्ता धारला.

गणपतरावांनी हिशेब मांडला. हाताशी वीस दिवस. वीज रोज दहा ते दोन बंद, ही त्या वर्षीची ठरलेली कटौती. पाचनंतर कंप्यूटर देवश्रीला लागे. म्हणजे सात ते दहा आणि दोन ते पाच, सहा तासांची पाळी. गाढवाला एका खेपेला वीस-बावीस मिनिटं. रोज पंधरा खेपा बसत होत्या, पण मधे उठायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी सात वाजता ते आंघोळ करून कारखान्याचा खाकी शर्ट घालून खुर्चीवर बसले. बकुळाबाई बघतच राहिल्या. डबा देऊ का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, दहाला येतो.

येताना गाढव रिकामं असे. त्यावर बसता येत होतं, वेळ वाचत होता. गणपतराव बसत नसत. म्हणत, ते दिवसभर ओझं वाहतंय. त्याने गाढवाला काही फरक पडत नाही, असं देवश्रीने समजावलं. पण पागेतल्या सरनोबतांचा पणतू गाढवाच्या शेजारून पायीच चालत राहिला. पाच वाजता पाळी संपली की ते एकदा, रोज एकाच जागी, सेव्ह करत आणि हात धुवायला जात. हाताला काही लागलेलं नसे, तरी धूत.

आठव्या दिवशी भाऊ एक बातमी घेऊन आले. क्लासमधल्या कोणीतरी देवश्रीला आणि देवश्रीने भाऊंना सांगितलं होतं की थोरल्या राजाच्या कोठारामागे भिंतीला फट आहे. आत घडवलेले दगड रचून ठेवलेत. अर्ध्या तासात भट्टी उभी.

"त्यांनीच जाळली नं?" भाऊ म्हणाले. "मग त्यांचेच दगड घ्या. यात गलत काय आहे?"

मुद्दा खोटा नव्हता. गणपतरावांनी पूर्ण चहा संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "जाळली त्यांनी. पण शपथ दोनदा मी घेतली." आणि माती आणायला नदीवर गेले.

गावातले लोक त्यांना बघून तोंड फिरवत. ताई खिडकी लावून घेई. एकशेचाळिसाव्या खेपेला गाढव तिच्या घरावरून गेलं, तेव्हा खिडकी उघडीच राहिली. बकुळाबाईंना हे कळल्यावर त्यांनी शिरा केला. त्या आता कणीक मळता मळता मधूनच येऊन भिंत किती वर आली ते बघून जात आणि भिंत तिरकी दिसते म्हणत. ती खरोखर तिरकी होती. खेळच तशी बांधत होता, गणपतरावांचा इलाज नव्हता, आणि याचा त्यांना फार त्रास होत होता.

पंधराव्या दिवशी दोनशे चोविसावी खेप उतरली. पाळी संपायला वीस मिनिटं बाकी होती, पण आकाश भरून आलं होतं. वीज जाईल म्हणून गणपतरावांनी लवकर सेव्ह करायला घेतलं. नेमकी त्याच क्षणी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सेव्ह उघडेना. देवश्रीने क्लासला उशीर करून दीड तास खटपट केली. फाइल खराब झाली होती. जुनी एकच उरली होती, खेळ सुरू केला तेव्हा तिने स्वतःच्या नावाने ठेवलेली. ती उघडली.

वेस. गाठोडं. डावीकडे फोडलेल्या लाकडांची रास. उजवीकडे भट्टी, धडधडून पेटलेली. ऐरणीवर घण पडत होता. संताजीने मान वर केली आणि कपाळाचा घाम पुसला.

"कामाचा माणूस दिसतोस. तुझा शब्द मी देतो."

बकुळाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. भाऊ चहाच्या वेळेची वाट न बघता आले आणि म्हणाले, तुम्ही नाही केलं नं भिया, देवाने लोड केलं. देवश्री म्हणाली, बाबा, आता फक्त एकाच राजाकडे जा, झालं. सगळ्यांच्या मते प्रकरण निकाली निघालं होतं.

गणपतरावांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. दोनशे चोवीस खेपा गेल्या होत्या. त्यांच्याबरोबर चूकही गेली होती. ताईची खिडकी, तिरकी भिंत, मांडीवरचा हातोडा, यातलं काही कधी झालंच नव्हतं. संताजी खुशाल हसत होता. घडलेलं फक्त एका माणसाला ठाऊक होतं. गाढवाला असतं, पण तेही आता नवं होतं.

पडद्यावर दोन चौकोन होते. त्याने देऊ केलेला शब्द घ्यायचा, किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटल्यावर काय होतं ते देवश्रीलाही माहीत नव्हतं, कारण नाही कोणी म्हणतच नाही. शब्दावाचून वेशीच्या आत जाताच येत नाही आणि खेळ सगळा आत आहे.

गणपतरावांनी 'नाही'वर दाबलं.

"अहो, आता का?" बकुळाबाई म्हणाल्या.

"तो कोणाचा शब्द देतोय ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे."

संताजीने घण खाली ठेवला. मग म्हणाला, "मग भाता धर."

अशीही एक वाट होती तर. ज्याला दुसऱ्याचा शब्द नको, त्याने वेशीबाहेर भट्टीवर एक वर्ष राबायचं, मग त्याचा स्वतःचा शब्द चालतो. खेळातलं वर्ष म्हणजे आपले सुमारे तीस तास, देवश्रीने अंदाज काढला. हाताशी पाच दिवस होते आणि निघायच्या दिवशीची सकाळ. रोज सहा तास धरले तर बसत होतं. वीज मधे गेली नाही तर. आता मात्र ते दर तासाला सेव्ह करायचे, आणि दोन जागी.

भात्याचं काम एका बटणावर होतं. घाई केली तर कोळसे उडत. ढिलाई केली तर लोखंड गार पडे आणि संताजी काही न बोलता ते परत निखाऱ्यात ठेवी. पहिल्या दिवशी त्याने अकरा वेळा परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी चार वेळा. तिसऱ्या दिवशी गणपतरावांचं बोट सुजलं. बकुळाबाईंनी त्याला तेल चोळलं आणि म्हणाल्या की एकतीस वर्षं लेथवर काही झालं नाही, आणि आता हे बटण दाबून. चौथ्या दिवशी त्याने एकदाही परत ठेवलं नाही. गणपतरावांनी त्या दिवशी पोळीकडे न बघता जेवण केलं.

भाऊंना हे अजिबात पचत नव्हतं. ते म्हणाले, आत दोन राजवाडे आहेत, घोडे आहेत, लढाया आहेत, आणि तुम्ही तीन आठवडे खेळून परत वेशीच्या बाहेरच.

"लोहारकाम वेशीबाहेरच असतं," गणपतराव म्हणाले.

पंधरा जूनला सकाळी देवश्रीचं सामान दारात आलं. कंप्यूटरचा खोका उघडा करून ठेवला होता. वीज दहाला जाणार होती. बस अकराची होती. साडेनऊला वर्ष पुरं झालं. संताजीने शाबासकी दिली नाही. लोखंड उलटं करत म्हणाला, "आजपासून तुझा शब्द चालेल." आणि पुन्हा घण उचलला.

देवश्री म्हणाली, चला, झालं बाबा, आता बंद करू. पण तेवढ्यात रस्त्यावरून एक माणूस आला. खांद्यावर गाठोडं, पायातली एक वहाण तुटलेली. वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्याला अडवलं आणि विचारलं, याचा शब्द कोण देतो? संताजीचं लक्ष कामात होतं. पहारेकऱ्याने गणपतरावांकडे बघितलं. पडद्यावर दोन चौकोन आले.

गणपतराव चष्मा पुसून पुढे झुकले. त्या माणसाला आधी लाकडं फोडायला सांगता येतं का, म्हणून त्यांनी विचारलं. नव्हतं येत. त्याचे हात जवळून बघता येतात का? तेही नव्हतं. घड्याळात दहाला बारा मिनिटं होती.

"बकुळा," ते म्हणाले, "काय करू?"

"मला नका विचारू. मागल्या खेपेला विचारलंत तर एका माणसाची भट्टी गेली."

"तुझ्या सल्ल्यात चूक नव्हती. गाव दुसरं होतं."

बकुळाबाई हे ऐकून जवळ आल्या. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे बघत म्हणाल्या, "चालून आलेला दिसतो. पाय बघा त्याचे."

गणपतरावांनी त्याचे पाय बघितले. शब्द दिला.

पहारेकरी बाजूला झाला. तो माणूस वेशीतून आत गेला, मागे वळला नाही. थोरल्याच्या बाजूला वळला की धाकट्याच्या, ते भिंतीमुळे दिसलं नाही. देवश्रीने दोन जागी सेव्ह केलं आणि कंप्यूटर बंद केला. गणपतरावांनी वायरी एकेक सोडवून गुंडाळल्या, खोक्यात कागद ठासले आणि खोका सुतळीने असा आवळला की धारला तो कापावाच लागणार होता.

रिक्षात सामान चढवताना बकुळाबाईंनी हळूच विचारलं, तो आत जाऊन दोन्हीकडे मुजरा करून आला तर?

"तर शब्द माझा होता. भट्टी गेली तर परत दगड वाहीन."

"कंप्यूटर तर धारला चाललाय."

"मग?" गणपतराव म्हणाले. "धारला रोज बस जाते."